चारशे बारा फेऱ्या

घटस्फोटाला तीन वाटा असतात, असं अ‍ॅडव्होकेट नाझनीन मुजावर प्रत्येक नव्या अशिलाला सांगत, आणि तिन्ही माझ्याच ऑफिसच्या जिन्यावरून जातात, असं वर हसून म्हणत. सांगलीच्या विश्रामबागेतला तो जिना इतका अरुंद होता की नवरा-बायको एका वेळी चढायला गेले तर एकाला मागे राहावंच लागे. अर्धी भांडणं तिथेच सुरू होतात, असं बाईंचं मत होतं.

२०४३ च्या जानेवारीत शलाका सुतार तो जिना एकटीच चढून आली. वय चव्वेचाळीस. नोकरी द्राक्षांवर उरलेल्या फवारणीच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. लग्नाला अठरा वर्षं, मूलबाळ नाही. नवरा निषाद, गावभागातला पेटीवाला. आसपासच्या चाळीस गावांतल्या भजनी मंडळांच्या हार्मोनियम त्याच्याकडे दुरुस्तीला येत. आजोबांनी दुकान काढलं, वडिलांनी ते नावारूपाला आणलं आणि मुलाला हौसेनं सुराचं नाव ठेवलं.

"मारतो का?" मुजावरबाईंनी विचारलं.

"नाही."

"पितो?"

"नाही."

"बाहेर काही?"

"नाही हो."

"मग?"

"बोलत नाही. मी बोलले तर 'हं' म्हणतो आणि ते हवेत सोडून देतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरोघरी मातीच्या चुली, ताई. माझाही बोलत नाही. मला तर सुख वाटतं."

शलाका हसली नाही. मग बाईही गंभीर झाल्या आणि तीन वाटा समजावून सांगायला लागल्या. पहिली वाट वादाची. दावा लावायचा, क्रूरता किंवा दुर्लक्ष सिद्ध करायचं, साक्षी, उलटतपासणी, आणि शेवटी दोघांचीही अब्रू चव्हाट्यावर. दुसरी परस्परसंमतीची. कारण एका ओळीत, 'स्वभाव जुळले नाहीत', पुढे सहा महिने थांबायचं, आणि मग न्यायाधीशांपुढे दोघांनी स्वतःच्या तोंडानं 'होय' म्हणायचं. तिसरी वाट चार वर्षांपूर्वी कायद्यात आली होती. कागदोपत्री तिला प्रतिरूप-समेट म्हणत आणि लोक म्हणत बाहुल्यांचा घटस्फोट.

शलाकाला तिसरी हवी होती. निषादचं तोंड पाहायला नको, एवढंच तिला हवं होतं. तोही राजी होता. तो दोन महिन्यांपासून दुकानाच्या माडीवर राहायला गेला होता आणि तिनं पाठवलेल्या संमतीपत्रावर त्यानं न वाचता अंगठा उमटवला होता.

बाहुल्यांचा प्रकार ऐकायला अघोरी वाटतो, पण समजायला अवघड नाही. तेव्हा घराघरांत भिंतीवर वाटीएवढं एक यंत्र असे. दिवे लावणं, दूधवाल्याला निरोप देणं, कोण काय बोललं ते टिपून ठेवणं, विसरलेलं आठवून देणं, ही त्याची कामं. सुतारांच्या घरातल्या यंत्राला निषादनं दामू नाव ठेवलं होतं. अशा यंत्राकडे दहा-अकरा वर्षांचं बोलणं साठलं की त्यातून माणसाचा साचा काढता येतो. हा साचा माणसाच्या मनात शिरत नाही. अमुक शब्द कानावर पडला तर हा माणूस बहुधा काय बोलेल, एवढंच तो सांगतो. पण ते बरोबर सांगतो. कोर्टाचं यंत्र नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक असे दोन साचे समोरासमोर बसवतं आणि त्यांना बोलू देतं. एक बोलणं म्हणजे एक फेरी. प्रत्येक फेरीत काहीतरी किंचित बदललेलं असतं. कधी तो आधी बोलतो, कधी ती, कधी तिचं डोकं दुखत असतं. अशा दहा हजार फेऱ्या चाळीस मिनिटांत होतात आणि दोघांना ज्याचा पस्तावा सगळ्यांत कमी होईल असा करार त्यातून निघतो. घरी बसून सही केली की झालं.

फक्त एक अट होती. यंत्रानं दिलेला निकाल कशाच्या जोरावर दिला हे लोकांना कळलंच पाहिजे, असा कायदा होता. त्यामुळे अर्ज दाखल झाला की कराराबरोबर यंत्राची कारणमीमांसाही तीन वर्षं सगळ्यांना वाचायला खुली राहत असे. अर्जाआधी एक चाचणी होई, आणि तिचा अहवाल फक्त अर्जदाराला आणि त्याच्या वकिलाला मिळे. महिन्याभरात अर्ज केला नाही तर तो पुसला जाई.

आठ दिवसांनी शलाकाचा चाचणी अहवाल आला. मुजावरबाईंनी तो आधी वाचला होता. त्यांनी चहा मागवला आणि आज चुलीचा विनोद केला नाही.

"करार चांगला आहे," त्या म्हणाल्या. "घर तुम्हाला, दुकान त्यांना. पण पान सातपासून वाचा."

शलाकाचा जन्म अहवाल वाचण्यात गेला होता. तळटीप आधी आणि निष्कर्ष नंतर, ही प्रयोगशाळेतली सवय. तिनं सातवं पान उघडलं. दहा हजार फेऱ्यांपैकी नऊ हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी फेऱ्यांत दोघं वेगळी झाली होती. चारशे बारा फेऱ्यांत झाली नव्हती.

त्या चारशे बारांत काय वेगळं होतं ते यंत्रानं कोरड्या भाषेत लिहिलं होतं. पक्ष 'ब', म्हणजे निषाद, याची श्रवणशक्ती सुमारे अकरा वर्षांपासून कमी होत आली आहे. उंच पट्टीचे ध्वनी आधी गेले. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द वेगळे होत नाहीत. ही बाब त्यानं पक्ष 'अ' पासून लपवली आहे. ज्या फेऱ्यांत त्याच्या प्रतिरूपानं ही गोष्ट आपणहून सांगितली, अशा फेऱ्या चारशे बारा. त्या सगळ्यांत पक्ष 'अ' नं अर्ज मागे घेतला.

शलाकानं ते वाक्य तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि चौथ्यांदा वाचलं. बाहेर रस्त्यावरून द्राक्षांच्या पेट्या भरलेला टेम्पो गेला. जिन्याच्या काचा थरथरल्या.

"दामूला त्यांनी सगळं सांगितलेलं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि दर वेळी म्हणालेत, 'तिला सांगू नकोस.' यंत्रानं तो शब्द पाळला. पण कोर्टाला सांगू नकोस, असं ते कधी म्हणालेच नव्हते."

त्याच्याखाली पुरावा म्हणून दामूकडच्या नोंदी जोडल्या होत्या. त्यांतली एक शलाकाला तारखेसकट पाठ होती. फक्त अर्धीच.

सहा वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरात मोरीशी भांडी विसळत होती. नळ चालू, वर धूर ओढणारा पंखा चालू, आणि मागे टेबलाशी निषाद पेटीची पितळी पट्टी घासत बसलेला. वळून सांगायचा धीर तिला झाला नाही. पाठमोरीच म्हणाली, "निषाद, उजव्या बाजूला गाठ लागतेय. उद्या मिरजेला दाखवायला जाते. येशील ना?"

मागून उत्तर आलं, "हं."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला डबा घेऊन दुकानात गेला. ती दारात चप्पल घालून पाच मिनिटं उभी राहिली. मग एकटीच मिरजेला गेली, एकटीच सुई टोचून घेतली, आणि चार दिवसांनी गाठ साधी असल्याचा कागदही एकटीनंच आणला. तो म्हणाला, "आज उशीर झाला?" ती म्हणाली, "हं." तेव्हापासून त्या घरात दोन हं राहत होते.

ही तिच्याकडची अर्धी गोष्ट. उरलेली आता तिच्यापुढे छापून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला दुकानात बसून त्यानं दामूकडून आदल्या दिवसाचं बोलणं वाचायला मागवलं होतं. ते तो रोजच करी. वाचून विचारलं होतं, 'ती कुठे आहे?' दामू म्हणाला, मिरजेला. 'एकटी?' हो. मग अकरा चाळीसला दुकानाचं शटर बंद. त्यापुढे फोनचं ठिकाण मिरज, रुग्णालयासमोरचं उसाच्या रसाचं दुकान. तिथे तीन तास दहा मिनिटं. मग परत. शेवटची ओळ होती, 'मी आलो होतो हे तिला सांगू नकोस.'

तीन तास दहा मिनिटं. ती वरच्या मजल्यावर आपलं नाव पुकारायची वाट पाहत होती तेव्हा तो खाली रस्त्यापलीकडे बसला होता. वर आला असता तर आदल्या दिवशी 'हं' म्हणूनही सकाळी बरोबर का निघाला नाही हे सांगावं लागलं असतं. म्हणून आला नाही. शलाकाला आधी रडू आलं आणि त्यामागोमाग इतका संताप आला की तिनं चहा तसाच लांब सरकवला. ऐकू आलं नाही, हे ती समजू शकत होती. पण वाचलं होतं. वाचून, तिथवर येऊन, तो रसाच्या दुकानात बसून राहिला.

"पहिली वाट धरा," बाई म्हणाल्या. "लपवलेला दोष, कळूनही दुर्लक्ष. उद्या दावा लावते, परवा ते गुडघ्यावर येतील."

"आणि तिसरी घेतली तर हे सगळं खुलं होणार?"

"तीन वर्षं. मंडळांचे लोक आधी वाचणार. ऐकू न येणाऱ्या माणसाकडे पेटी सुरात लावायला कोण देतं, ताई?"

कोणी देत नाही, हे शलाकाला ठाऊक होतं. निषादचं दुकान म्हणजे निषादचे कान. तीन पिढ्यांची झाकली मूठ होती ती.

"मी त्याला सांगितलं, की मला कळलंय, तर?" तिनं विचारलं.

बाईंनी पान उलटून बोट ठेवलं. तिनं आधी बोलून दाखवलं अशाही फेऱ्या होत्या. तीनशे सहा. त्या तीनशे सहांमध्ये तो चिडला होता, नाकबूल गेला होता, दयेवर जगायचं नाही म्हणाला होता. त्यांतली एकही टिकली नव्हती.

"म्हणजे त्यानं आपणहून सांगितलं तरच," शलाका म्हणाली.

"यंत्र तसं म्हणतंय. यंत्राचं काय हो, ते काही देव नाही."

देव नसलं तरी अठरा वर्षं तिनं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसाला ते नीट ओळखत होतं. शलाकानं मनाशी ठरवलं. एकदा त्याच्यासमोर जाऊन बसायचं. वाट मोकळी करून द्यायची. तो बोलला तर तिथेच अर्ज फाडायचा.

ती दुपारी गेली. गावभागातल्या त्या बोळात माणसं जेवून लवंडली होती. निषाद खाली मान घालून बसला होता. मांडीवर उघडी पेटी, आणि त्या पेटीच्या लाकडावर टेकवलेली हनुवटी. एका हातानं भाता हलवत होता, दुसऱ्या हाताची बोटं दोन पट्ट्यांजवळ धरली होती. लग्न झालं तेव्हा तो असा बसत नसे, ही सवय गेल्या काही वर्षांतली. पेटीवर माया जडली की माणूस असाच बसतो, असं ती मैत्रिणींना कौतुकानं सांगे. दोन पट्ट्या एका सुरात नसल्या की त्यांच्या आवाजाला लाटा येतात. सूर जवळ येईल तशा त्या मंदावतात आणि जुळला की थांबतात. त्या लाटा मोजायला कान लागतात असं नाही, जबड्यातूनही कळतात. हे तिला त्याच आठवड्यात वाचून कळलं होतं.

ती पुढ्यात येईपर्यंत त्याला पत्ता नव्हता. दिसल्याबरोबर त्यानं घाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. हा चष्मा तिनं दुकानात दोन-तीनदा पाहिला होता, घरी कधीच नाही.

"बस," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"नको." ती समोरच्या स्टुलावर बसली. गिऱ्हाईक बसतं त्यापेक्षा पुष्कळ जवळ. "निषाद, तुला मला काही सांगायचंय का?"

ती बोलली आणि त्याच्या भिंगाच्या आतल्या बाजूला बारीक हिरवी अक्षरं उमटली. आपलंच वाक्य तिला उलटं दिसलं. गिऱ्हाइकांचं बोलणं तो असं वाचत होता तर. घरी चष्मा का काढून ठेवायचा तेही तिला कळलं. काउंटरपलीकडून ती अक्षरं दिसत नव्हती. जेवायला समोर बसणाऱ्या बायकोला दिसली असती.

त्यानं वाक्य वाचलं. तिच्याकडे पाहिलं. पट्टी खाली ठेवली.

"काय सांगायचं?" तो म्हणाला.

"काहीही. मी ऐकायला आलेय."

त्यानं पेटीच्या लाकडावरून तळवा फिरवला. बोल रे, ती मनात म्हणत होती, एक वाक्य बोल, मी त्या मिरजेच्या तीन तासांचंही नाव काढणार नाही.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणाला. "वयच झालं आता."

तिनं आणखी एक दार उघडून पाहिलं. "मिरजेला कधी गेला होतास मध्ये?"

भिंगात अक्षरं उमटली. त्याचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. "दिवाळीआधी. पट्ट्या आणायला. का?"

"सहज."

"मग कुठल्या वाटेनं जायचं ठरवलंस?" त्यानं विषय बदलला. "बाहुल्यांचं बरं आहे. एकमेकांची तोंडं बघायला नकोत."

"नको. संमतीचं करू."

"त्यात सहा महिने जातात."

"जाऊ देत. त्यात कारण उलगडून लिहावं लागत नाही."

तो वाचून हसला. सुटल्यासारखा. "बरं," म्हणाला आणि पुन्हा पेटीवर वाकला. ती उठली, बोळाच्या टोकाशी जाऊन मागे वळून बघितलं. त्यानं चष्मा काढला होता आणि हनुवटी लाकडावर टेकवली होती.

अर्ज संमतीनंच झाला. मुजावरबाईंनी कपाळाला हात लावला, पण मसुदा नेटका केला. पहिली हजेरी लिपिकासमोर सहीपुरती होती. ती पाच मिनिटांत उरकली. चाचणीचा अहवाल महिन्यानं पुसला गेला. आता ती गोष्ट दोनच बायकांना ठाऊक होती आणि त्यांतली एक वकील असल्यामुळे मुकी होती.

त्या सहा महिन्यांत शलाकानं एक विचित्र उद्योग केला. ऐकू न येणाऱ्या माणसाशी कसं बोलावं हे ती शिकली. ओरडायचं नाही, ओरडल्यानं ओठांचा आकार बिघडतो. तोंड झाकायचं नाही. उजेड आपल्या चेहऱ्यावर घ्यायचा. वाक्यं लहान ठेवायची. आरशासमोर बसून ती 'जेवलास का' म्हणून पाही. नवरा सोडायला निघालेल्या बाईला हे कशाला हवं होतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. कदाचित तो येईल, दारात उभा राहील, सांगेल. चारशे बारांतली एक फेरी अजून शिल्लक असेल. आशा ही अशीच चिवट असते, गणितानं मरत नाही. तो आला नाही. फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम जोरात सुरू झाला, मे संपला, आणि जुलैत दुसऱ्या हजेरीची तारीख लागली.

कोर्टाच्या त्या दालनाबाहेर एक शिपाई जुनी स्टीलची थाळी घेऊन बसला होता. "फोन, घड्याळ, कानातलं, चष्मा, जे यंत्राचं असेल ते इथे ठेवा," तो प्रत्येकाला सांगत होता. "आत फक्त माणूस."

शलाकानं थाळीकडे पाहिलं, मग निषादच्या चष्म्याकडे. हा नियम तिनं कागदावर वाचला होता, आणि तिला तो बराही वाटला होता. बाहुल्या आल्यावर काही लोकांनी यंत्राकडूनच संमती वदवून घेतली होती, म्हणून या वाटेवर यंत्राला पूर्ण बंदी आली होती. उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकून, स्वतःच्या तोंडानं द्यायचं. त्याची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून तिनं सहा महिन्यांची वाट धरली, आणि ती वाट त्याला बरोबर याच दारात घेऊन आली होती. कारण उलगडून लिहावं लागत नाही, एवढंच तिनं पाहिलं होतं. ऐकावं लागतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

निषादनं चष्मा थाळीत ठेवला. तिच्याकडे न बघता तो आत गेला.

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नाकातोंडावर मास्क लावला होता. ओठ दिसण्याचीही सोय उरली नव्हती. वर पंखा घरघरत होता आणि बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. आधी शलाकाला विचारलं. नाव? वय? हे स्वखुशीनं करताय? दबाव आहे का कोणाचा? पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता? शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली, मग 'नाही' म्हणाली. तिला दिसत होतं, की निषाद तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसला आहे. कितव्या प्रश्नाला काय उत्तर आलं ते तो पाठ करत होता. नाव, वय, होय, नाही, नाही.

त्याची पाळी आली. नाव त्यानं बरोबर सांगितलं. वयही सांगितलं. पण न्यायाधीशबाईंनी पुढचे दोन प्रश्न उलटे घेतले.

"तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"होय," निषाद ठामपणे म्हणाला.

लिपिकानं मान वर केली. न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "दबाव आहे? कोणाचा?"

"नाही," निषाद म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "माझी... संमती आहे."

"एकदा होय, एकदा नाही. काय प्रकार आहे हा? यांना प्रश्न कळतोय ना?"

आणखी एक प्रश्न आणि सगळं उघडं पडणार होतं. मागच्या बाकांवर बसलेल्या आठ-दहा जणांत गावभागातला एक ओळखीचा चेहराही होता. शलाका उभी राहिली.

"मॅडम, ते घाबरलेत. चारचौघांत त्यांचं असंच होतं. मी विचारलं तर चालेल का?"

न्यायाधीशबाईंनी क्षणभर विचार केला. "शब्द माझेच हवेत. पढवायचं नाही."

शलाकानं आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली. खिडकीचा पावसाळी उजेड तोंडावर येईल अशी बसली. कपाळावरची बट मागे सारली. आणि सहा महिने आरशापुढे शिकलेलं सगळं तिनं तिथे वापरलं.

"तुझ्यावर," ती सावकाश म्हणाली, "कोणाचा दबाव आहे का?"

निषादनं तिच्याकडे पाहिलं. आधी त्याला एवढंच जाणवलं, की शब्द कळला. कितीतरी वर्षांत तिचा पहिला शब्द, अख्खा. मग तिच्या बसण्याकडे, उजेडाकडे वळवलेल्या चेहऱ्याकडे, मोजून सोडलेल्या अक्षरांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि तिला दिसलं की त्याला समजलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही," तो म्हणाला.

"हे तू स्वखुशीनं करतोयस?"

"होय."

आता एकच प्रश्न राहिला होता. तो न्यायाधीशबाईंचा होता, शब्दही त्यांचेच होते. पण असा प्रश्न तिनं आपल्या आयुष्यात कोणाला विचारला नव्हता.

"पुन्हा एकत्र राहण्याची... काही शक्यता... आहे का?"

निषादनं तोंड उघडलं. "मला..." तो म्हणाला आणि थांबला.

शलाका त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मला. चारशे बाराच्या चारशे बारा फेऱ्यांचा पहिला शब्द हाच असणार. पुढे तीनच शब्द होते, ऐकू येत नाही. लोकांसमोर मोठ्यानं म्हणू नकोस, जवळ वाकून म्हण, नुसते ओठ हलव, मी वाचीन. तिचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"मला नाही वाटत," निषाद म्हणाला.

लिपिकानं ते टिपून घेतलं. न्यायाधीशबाईंनी सही केली. अठरा वर्षांना चौदा मिनिटं लागली.

बाहेर पाऊस उघडला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर पाणी साचलं होतं. तो तिच्यामागून बाहेर आला. थाळीतून घेतलेला चष्मा अजून त्याच्या हातातच होता.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

ती वळली, उजेडात उभी राहिली. "जानेवारीपासून."

"दामूनं सांगितलं?"

"कोर्टाला सांगितलं. मला कोर्टानं."

तो ओठ वाचत होता. मान हलवत होता. "मिरजेचंही?"

"मिरजेचंही."

बराच वेळ तो चष्म्याची काडी उघडझाप करत राहिला. मग घाबऱ्या पोरासारखं त्यानं विचारलं, "कोणाला सांगशील?"

तिला त्याची दया आली, आणि दया आली याचं वाईट वाटलं. "सहा महिन्यांत कोणाला सांगितलं?"

तिनं छत्री काखेत धरली, चष्मा अजून त्याच्या हातातच आहे ना ते एकदा नीट पाहून घेतलं, आणि त्याच्याकडे पाठ केली. दोन पायऱ्या उतरली. मोरीशी उभं राहून बोलायची त्याच आवाजात, समोर बघत ती म्हणाली, "सांगितलं असतंस तर राहिले असते रे. दर वेळी राहिले असते."

मागून उत्तर आलं, "हं."